जावईबापू दिसत नाहीत

मला मासे आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला फार प्रेमळ बाई वगैरे समजायला नको. मासा ना बोलत, ना हाक मारली तर येत, ना त्याला कुरवाळता येत. वर त्याचं पाणी बदला, काच पुसा, पंप तपासा. इतकी सेवा करून घेऊन जो तोंड उघडून नुसता बघत राहतो, असा एक प्राणी माझ्या घरी आधीच आहे. त्याच्याशी माझं लग्न झालंय.

पण दादानं अट घातली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरला, आणि आता त्याचंच हृदय मधल्या मजल्यावर अडकायला लागलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर हा आज बघू, उद्या बघू करत बसला. वहिनी गेल्यापासून त्याला जगायची काही घाईच उरली नव्हती. मी भांडले, रडले, त्याच्या दारात ठाण मांडून बसले. शेवटी म्हणाला, "फटाकडे, मी गेलो तर माझ्या माशांना कोण बघणार?" तो मला लहानपणापासून फटाकडीच म्हणतो. मी म्हटलं, "मी बघते तुझे मासे. तू मुकाट्यानं त्या टेबलावर आडवा हो."

"दोघांनाही सांभाळायचं," तो म्हणाला. "विशेष करून तिच्याला."

तिच्याला म्हणजे वहिनीच्या माशाला. हे प्रकरण नीट समजावून सांगायला हवं.

दादाच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर लांबीची काचेची टाकी आहे. तिच्यात त्यानं पाळलेला एक सिक्लिड जातीचा मासा राहतो. तळहाताहून मोठा, कपाळावर टेंगूळ, आणि स्वभावानं अस्सल गुंड. टाकी आपल्या बापजाद्यांची आहे असं समजून तो दिवसभर गस्त घालतो, खडे तोंडात धरून इकडचे तिकडे करतो, आणि काचेवर कुणी बोट ठेवलं की धावून येतो. त्याचं नाव फौजदार. दादानं आधी त्याला सोबत म्हणून जे जे मासे आणले, ते ते फौजदारानं बघता बघता निकालात काढले. मग वहिनीनं एक दिवस कुणालाही न विचारता पिशवीत घालून एक ठिपकेवाला, मिशाळ कॅटफिश आणला. दादा म्हणाला, "याचं मयत उद्या सकाळी तूच काढ."  वहिनीनं आतून पोकळ असलेला एक ओंडका आणला, टाकीतले दगड असे रचले की या टोकाचं त्या टोकाला दिसू नये, आणि कॅटफिशला ओंडक्यात सोडून दिलं. एकमेकांचं तोंड दिसलं नाही तर निम्मी भांडणं होतच नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. फौजदारानं एकदा त्याला तोंडात धरून पाहिलं. पण त्या जातीच्या माशाच्या परांना ताठ काटे असतात. ते टाळूला टोचल्यावर फौजदार जो कोपऱ्यात जाऊन बसला, तो पुन्हा त्या ओंडक्याच्या वाटेला गेला नाही.

दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. वहिनीनं त्या कॅटफिशचं नाव ठेवलं जावईबापू. का, तर हा दिवसभर आत लोळतो आणि जेवणापुरता बाहेर येतो म्हणून. "लेक नसली म्हणून काय झालं," ती म्हणायची, "जावई तर मिळाला." आम्ही सगळे हसायचो. दादा हसायचा नाही, पण फौजदाराआधी जावईबापूंच्या जेवणाची चौकशी करायचा.

तर दादा तपासण्यांसाठी रुग्णालयात दाखल झाला, आणि त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. जाताना त्यानं सांगितलं होतं, "तरंगणारे दाणे फौजदाराला, बुडणारे ओंडक्यापाशी टाक, आणि टाकीत हात घालू नकोस." मी चष्म्याच्या दुकानात काम करते. सकाळी दुकानात जायच्या आधी दादाच्या घरी, आणि संध्याकाळी रुग्णालयात, अशी माझी फरपट सुरू झाली.

फौजदार रोज दिसायचा. दिसायचा कसला, अंगावर यायचा. जावईबापू मात्र नाहीत. पहिल्या सकाळी मी म्हटलं, झोपले असतील. नंतरही नाहीत. ओंडक्यापाशी टाकलेले दाणे दुसऱ्या दिवशी गायब असायचे, पण फौजदाराचं पोट बघता ते कुणी खाल्ले हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी काचेला नाक लावून सगळे कोपरे पाहिले. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड ओंडक्याच्या तोंडातून आत पाडला. आत पार तळापर्यंत दिसत होतं, आणि तिथं वाळूशिवाय काहीही नव्हतं. फौजदार माझ्याकडे बघत होता. त्या मेल्याच्या चेहऱ्यावर असा काही साळसूदपणा होता की खुनी सापडला, असंच मला वाटलं.

त्या संध्याकाळी दादानं पहिला प्रश्न तोच विचारला. "जावईबापू दिसले का गं?"

त्याच्या छातीला तारा लावलेल्या होत्या. आदल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, मनावर ताण येऊ देऊ नका. मी म्हणाले, "दिसले की."

"खातायत ना?"

आता एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. "अरे, खातायत म्हणजे काय!" मी म्हणाले. "दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेले होते मी, तर गडी दाणे टाकायच्या आधीच बाहेर हजर. काचेपाशी येऊन मिशा हलवत होता. इतका गोड दिसत होता रे, मला तर आता त्याचा लळाच लागलाय." दादा माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणून त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, चला, समाधान झालं त्याचं.

तेव्हापासून रोज तेच. रोज तो विचारायचा, आणि रोज मी जावईबापूंच्या नव्या लीला रचून सांगायचे. आमच्या ह्यांना मी खरं काय ते सांगितलं होतं. ते म्हणाले, "अगं, सांगून टाक त्याला. मासाच तर आहे."

"तुमच्यासाठी मासा आहे!" मी उसळले. "वहिनीचं त्या घरात दुसरं काय जिवंत उरलंय? तिचे कपडे देऊन झाले, तिची झाडं वाळली. त्या टेबलावर झोपायच्या आधी हेही गेलं असं कळलं, तर तो परत उठायचं मनावर तरी घेईल का?"  

मग मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार टाक्यांच्या मागून बाहेर आला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी त्याला सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं की सिक्लिड कॅटफिशला गिळू शकतो का.

"अख्खा नाही गिळणार, ताई. पण मारू शकतो. आणि मेला की लचके तोडतात, काही शिल्लक ठेवत नाहीत." मग त्यानं विचारलं, "पण तुम्ही बघितलंत कधी? दिवसा?"

"रोज सकाळी."

"अहो, हा अंधारात फिरणारा मासा. दिवसाउजेडी तो बाहेर येतच नाही. खोलीत अंधार करा, शांत बसा, आला तर येईल."

हे ऐकलं आणि मी जीभ चावली. दुपारी काचेपाशी येऊन मिशा हलवतो, असं मी सांगून बसले होते! पण मग विचार केला, दादा तर काही बोलला नव्हता. ऑपरेशनच्या भीतीत त्याच्या लक्षात आलं नसणार. देवच पावला म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात ह्यांना पाठवलं आणि मी दादाच्या घरी पडदे ओढून, टाकीचा दिवा बंद करून बसले. शांत बसा, म्हणाला होता तो. शांत बसणं ही माझ्या कुंडलीतली गोष्ट नाही. जरा कुठं खुट्ट झालं की मी टॉर्च लावायचे. फौजदार डोळे वटारून बघायचा. टॉर्च बंद. पुन्हा टॉर्च. जावईबापूंचा पत्ता नाही. अखेर माझा धीर सुटला. गेला बिचारा, मी स्वतःशी म्हणाले, आणि त्या अंधारात बसून चक्क हुंदके देऊन रडले. मासे न आवडणारी मी! वहिनी गेली तेव्हा सगळ्यांचं करता करता मला धड रडायलाही मिळालं नव्हतं. ते सगळं बहुतेक तेव्हा निघालं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. मी पुन्हा त्या दुकानात गेले. "असाच दुसरा आहे?"

होता. ठिपके थोडे बारीक होते, पण दादाला चष्म्याशिवाय ते कळलं नसतं, आणि दादाचे चष्मे माझ्याच ताब्यात होते. मी पिशवी मागितली, तर दुकानदारानं दिलीच नाही. "असा नेऊन सोडाल तर रात्र नाही काढायचा तो," तो म्हणाला. "तुमच्या सिक्लिडला टाकीतला प्रत्येक दगड पाठ आहे. नवा पाहुणा आला की तो आपल्या हद्दीत आला म्हणून मारणारच. आधी जाऊन सगळे दगड बाहेर काढा आणि वेगळीकडे मांडा. घर बदललंय असं वाटलं की त्याचीच आधी तारांबळ उडते. तो नवीन जागा शोधण्यात गुंतला, की मग यायचं आणि हा मासा न्यायचा."

ऑपरेशनचा दिवस उजाडला. आत फक्त एकालाच थांबू देत होते. मी तिथं बसले असते तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला धरून विचारलं असतं, म्हणून हे म्हणाले, "तू जा. मी बसतो. काही झालं की फोन करतो." दादाला आत नेताना त्यानं माझा हात धरला. या वेळी त्यानं माशांचं काहीच विचारलं नाही. मीच म्हणाले, "तिकडची काळजी करू नको, दोघंही मजेत आहेत." तो हसला आणि म्हणाला, "माहीत आहे गं."

मी थेट दादाच्या घरी आले. हातांना काम हवं होतं. बाह्या सरसावल्या, बादली घेतली, आणि टाकीत हात घातला.

फौजदारानं लगेच चावा घेतला. दात असे काही मोठे नसतात त्याला, पण माझा जीव दचकला. "थांब, मुडद्या!" मी ओरडले. "तिकडे माझा भाऊ टेबलावर पडलाय आणि तू मला चावतोस? खाल्लास ना वहिनीचा जावई? पोट भरलं नाही का?" शिव्या देत देत मी एकेक दगड काढून बादलीत ठेवला. पाणी गढूळ झालं. फौजदाराला आपली हद्द कुठं गेली ते कळेना, तो टाकीभर सैरावैरा धावत होता. आता शेवटी राहिला तो ओंडका. वहिनीनं तो कसा काळजीनं ठेवला होता, ते आठवून माझा हात जरा अडला. मग मी तो दोन्ही हातांनी धरून वर उचलला. पाणी धबाधबा खाली पडलं.

आणि ओंडका बोलला.

खोटं नाही सांगत. कर्र, कर्र, असा आवाज. न तेल दिलेल्या बिजागरीसारखा. मी किंचाळले. ओंडका हातातून निसटणारच होता, पण देवाची कृपा, मी तो छातीशी धरला. सगळी ओलीचिंब झाले. पुन्हा आतून कर्र, कर्र, आता तर चांगलंच रागावून. मी ओंडका अर्धा पाण्यात टेकवला आणि मान वाकडी करून त्याच्या तोंडातून खाली नाही, वर पाहिलं.

जावईबापू छताला उलटे चिकटून बसले होते. पोट वर, पाठ खाली, परांचे काटे दोन्हीकडे लाकडात रुतवलेले, आणि मिशा माझ्याकडे रोखलेल्या. कर्र कर्र करत होते ते हेच. इतके दिवस मी त्या ओंडक्याचा तळ तपासत होते, आणि हे महाशय वरच्या अंगाला टांगून घेऊन निवांत झोपत होते. बारीक झाले होते म्हणाल तर नाव नको. बुडणारे दाणे कोण खात होतं, ते त्यांच्या पोटावरून दिसत होतं.

"अरे मेल्या," मी म्हणाले, "अरे गाढवा, अरे नालायका," आणि शिव्या देता देता ओंडका हळूच पाण्यात पूर्ण खाली सोडला. मग तिथंच फरशीवर, पाण्याच्या थारोळ्यात, मी फतकल मारून बसले. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. पण फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ओल्या हातातून तो दोनदा निसटला. "झालं," हे म्हणाले. "सगळं नीट पार पडलं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले."

"आहे," मी म्हणाले. "जिवंत आहे!"

"अगं, तेच तर सांगतोय मी."

"तो नाही हो! दोघंही!" मी म्हणाले, आणि मग मात्र भोकाड पसरून रडले. ह्यांना काही कळलं नसावं, पण ते फोन धरून बसून राहिले.

दगड मी होते तिथंच पुन्हा मांडले, जमेल तितके वहिनीसारखे. दुकानदाराला जाऊन सांगितलं की तुमचा मासा नको. तो नाराज होईल असं वाटलं होतं, पण हसून म्हणाला, "छताला बघायचं सांगायला मीच विसरलो, ताई."

दादाला घरी सोडलं तेव्हा तो बारीक झाला होता, पण पायऱ्या स्वतः चढला. मी दार उघडलं. टाकी चकाचक पुसून ठेवली होती मी. वाटलं होतं, आल्या आल्या तो तिकडेच जाईल. पण तो टाकीकडे पाठ करून खुर्चीत बसला. पाणी मागितलं, प्यायला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"अरे, बघ तरी तिकडे," मी म्हणाले.

"बघू नंतर. दमलोय मी."

"फौजदार बघ कसा उड्या मारतोय."

"हं."

मला राग यायला लागला होता. एवढं केलं, त्याचं काहीच नाही! तेव्हा तो सावकाश म्हणाला, "फटाकडे, तू वाईट वाटून घेऊ नकोस हां. तुझी काही चूक नाही. तो कधी ना कधी जाणारच होता."

"कोण जाणार होता?"

"मला पहिल्यांदा विचारलं तेव्हाच कळलं होतं गं. दुपारी काचेपाशी येऊन मिशा हलवतो म्हणालीस. तो जन्मात कधी दुपारी बाहेर आलेला नाही. तरी मी म्हटलं, नुसता दिसला नसेल हिला. पण तसं असतं तर तू मला फैलावर घेतलं असतंस, कसले मुर्दाड मासे पाळतोस म्हणून. तू गोड बोललीस. लळा लागला म्हणालीस. तू गोड बोललीस तेव्हाच मी समजलो, की तो मेला आणि तू तो मेलेला पाहिलास."

 म्हणजे हा माणूस ते मनात धरून, एक शब्द न बोलता, त्या टेबलावर गेला होता.

"अरे, आहे तो!" मी म्हणाले. "धडधाकट आहे!"

"बरं, बरं," तो मला समजावत म्हणाला. मी अजूनही त्याच्यासाठी खोटं बोलतेय, असंच त्याला वाटलं.

मग मात्र माझं डोकं सणकलं. "बरं बरं काय? ढोल्या झालाय तो नुसता! ऐतखाऊ, लबाड, छताला लोंबकळून माझ्या जिवाला घोर लावला त्यानं! तुझ्या त्या गुंडानं माझं बोट चावलं! मी इथं फरशीवर बसून रडले त्या मुडद्यासाठी, आणि तो मला कर्र कर्र करून दाखवतो! कसले मेले मुर्दाड मासे पाळतोस तू!"

दादानं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. "खरंच आहे?" तो म्हणाला.

मी पडदे ओढले, टाकीचा दिवा घालवला, बुडणारे दाणे टाकले, आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. टॉर्चला हात लावला नाही. तोंडसुद्धा उघडलं नाही. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पाणी जेमतेम दिसत होतं. फौजदार त्याच्या कोपऱ्यात गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग ओंडक्याच्या तोंडातून आधी मिशा आल्या, मग डोकं, आणि मग जावईबापू आपलं भलंमोठं पोट सांभाळत वाळूवर उतरले आणि एकेक दाणा टिपायला लागले.

दादा पुढं वाकला. छातीवरचे टाके दुखले असणार, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. माझंही काही वेगळं नव्हतं.

"दादा," मी हळू आवाजात विचारलं, "तो गेला असं वाटत असताना तू ऑपरेशनला गेलास कसा?"

 तो टाकीकडे बघतच म्हणाला, "तू रोज संध्याकाळी येऊन एवढं मन लावून खोटं बोलत होतीस. तुला तर धड गोड बोलताही येत नाही. म्हटलं, हिला टाकून कुठं जायचं?"

 डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं म्हणून मी पडदे उघडायला उठले, तर त्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांब," तो म्हणाला. "त्याचं जेवण होऊ दे."